मढ्यांना खाली घ्या, कावळा येईना

गेल्या पितृपक्षात मी तीन वेळा मेलो. एकदा लुंगीत, एकदा वॉचमनच्या शर्टात आणि एकदा पाठमोरा, कारण तोवर माझं थोबाड दोनदा दिसून झालं होतं. भाच्याच्या झॉम्बी फिल्ममध्ये. वय ५४, गुडघे तक्रारीचे, आणि कॉलेजात असताना एकांकिकांमध्ये भाल्याशिवाय दुसरं काही हातात न मिळालेला माणूस मी. भाचा म्हणाला, "मामा, संवाद एकही नाही. तू फक्त चाल." इतकी चांगली भूमिका मला आयुष्यात कुणी दिली नव्हती.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे परवा चहाच्या टपरीवर झालेला वाद. आमचा एक मित्र, जुना नाटकवाला, ठासून सांगत होता की खिशात पैसे नसतील तर पोरांनी झॉम्बीच्या भानगडीत पडू नये. दोन पात्रं, एक खोली, थोडं रडणं, असं काहीतरी करावं. मेकअप, गर्दी, रक्त ही श्रीमंतांची कामं. तिथे मी फार बोललो नाही, कारण चहाचे पैसे तो देणार होता. इथे बोलतो. माझं मत बरोबर उलटं आहे. झॉम्बीपट गरिबानेच करावा. पैसा आला की त्यातला जीव जातो (मेलेल्यांच्या सिनेमाबद्दल हे म्हणणं विचित्र आहे, पण चालवून घ्या).

का, ते सांगतो. पैसेवाल्या सिनेमात झॉम्बी म्हणजे लोंढा. कॉम्प्युटरवर हजार काढले काय आणि दहा हजार काढले काय, कोण कुणाला ओळखतंय? आमच्याकडे एकूण चौदा माणसं होती आणि भाच्याला हवे होते चाळीस झॉम्बी. मग शर्ट बदला, टोपी घाला, पुन्हा जिन्यातून वर या. हॉलमध्ये फिल्म दाखवली तेव्हा माझ्या दुसऱ्या फेरीला मागून एक पोरगं ओरडलं, "अरे, हे तर मघाशी मेलेले मामा!" भाच्याने कपाळावर हात मारला. मला मात्र तिथेच गोष्ट कळली. स्वस्तातल्या झॉम्बीला नाव असतं. तो आपल्या ओळखीचा असतो. आणि ओळखीचा माणूस दात विचकून अंगावर आला की आधी हसू येतं आणि मग पोटात कालवतं. विनोद तिथलाच, करुणाही तिथलीच.

हा शोध माझा नाही. अमेरिकन दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोने १९६८ साली 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' केला तो पिट्सबर्गजवळ, साधारण १ लाख १४ हजार डॉलरमध्ये. हॉलिवूडच्या हिशेबात हे चणे-फुटाणेच. चित्र कृष्णधवल, म्हणून रक्ताच्या जागी चॉकलेट सिरप. पैसे घालणाऱ्यांपैकी एक खाटीक होता, त्याने आतडी-बितडी पुरवली. स्मशानात पहिला झॉम्बी दिसतो तो बिल हिन्झमन, कॅमेऱ्याच्या टीममधलाच. तळघरातला तिरसट बाप झालेला कार्ल हार्डमन हा निर्मात्यांपैकी एक, आणि त्या सिनेमात त्याला खाणारी मुलगी ही त्याची खरीच मुलगी. म्हणजे घरचंच कार्य. हळदीला जशी आपली माणसं राबतात तसं. आणि गंमत म्हणजे अख्ख्या सिनेमात 'झॉम्बी' हा शब्दच नाही. पुढे वितरणाच्या वेळी नाव बदललं, त्या गडबडीत पडद्यावरची कॉपीराइटची ओळ गळाली आणि सिनेमा सगळ्या जगाचा झाला. कुणीही उचलावा, कुणीही दाखवावा. करणाऱ्यांचं नुकसान झालं, पण पोरांची शाळा झाली.

दुसरं उदाहरण जपानचं. 'वन कट ऑफ द डेड', शिनइचिरो उएदाचा, २०१७. अभिनयाच्या वर्कशॉपमधून निघालेला सिनेमा, बजेट सुमारे ३० लाख येन, कलाकार कुणाच्या ओळखीचे नाहीत. पहिली ३७ मिनिटं एकच सलग शॉट, आणि ती बघताना तुम्हाला वाटणार की काय हा गचाळपणा लावलाय. उठू नका. पुढचं मी सांगत नाही, सांगितलं तर तुम्ही मला शिव्या घालाल. एवढंच सांगतो की तो गचाळपणा कशापायी होता हे कळतं तेव्हा ज्याने आयुष्यात एकदा तरी विंगेत उभं राहून नाटकाची प्रॉपर्टी सांभाळलीय त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. त्या सिनेमाने जपानात ३०० कोटी येनच्या वर धंदा केला.

आता आपल्याकडे. हिंदीत २०१३ला 'गो गोवा गॉन' आला, मराठीत २०२२च्या २६ जानेवारीला आदित्य सरपोतदारांचा 'झोंबिवली'. कोविडमुळे थिएटरं तेव्हा निम्म्या खुर्च्यांवर चालत होती. सिनेमा आवडो न आवडो, पण झॉम्बीला डोंबिवलीत उतरवायची हिंमत मला मनापासून आवडली. मग त्याच दिग्दर्शकाने २०२४ला 'मुंज्या' केला आणि तो हिंदीत तुफान चालला. याचं मला नवल वाटलं नाही. आपल्या भुताला पत्ता लागतो. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी, वेताळ गावाच्या वेशीवर. प्रत्येकाचं काहीतरी राहून गेलेलं. कुणाचं लग्न, कुणाचा जमिनीचा तुकडा. झॉम्बीचं काहीच राहिलेलं नसतं, त्याला फक्त भूक. शिवाय आपण माणसं जाळतो, त्यामुळे थडग्यातून हात वर यायची सोयही नाही. म्हणून सरळ भाषांतर केलं की आपल्याकडचा झॉम्बी परका वाटतो, भाड्याने आणल्यासारखा.

खरं तर झॉम्बी हाही मुळात भुकेचा नाहीच. तो हैतीचा. फ्रेंचांच्या उसाच्या मळ्यांवर गुलाम म्हणून मरेस्तोवर राबलेल्या लोकांची ती कल्पना. मेल्यावरसुद्धा सुटका नाही, उठून पुन्हा दुसऱ्याच्या शेतात राबायचं. माणसं खाणं वगैरे नंतर सिनेमाने चिकटवलं. हे वाचलं तेव्हा मला ऊसतोडीच्या टोळ्या आठवल्या. कुणीतरी यावर मराठीत सिनेमा करा. मी चालायला येतो.

एक मात्र नको. 'मुंबईकर म्हणजे आधीच झॉम्बी, सकाळची लोकल बघा' हा विनोद आता बंद करा. प्रत्येक नवा पोरगा हाच सीन लिहितो. अरे, विरार लोकलमधल्या माणसाइतका जागा प्राणी पृथ्वीवर नाही! कोण बोरिवलीला उतरणार, कुणाची खिडकी कुणाला जाणार, चौथ्या सीटवर किती टेकायचं, हे सगळं तो डोळे मिटून सांगतो. त्याला झॉम्बी म्हणणारा बहुतेक टॅक्सीने फिरतो.

तर आमची फिल्म. गिरगावातली आमची चाळ. पुनर्विकासाच्या गप्पा चालू होऊन इतकी वर्षं झाली की निम्म्या खोल्यांना कुलपं आहेत. भाच्याची गोष्ट साधी होती. चाळीतले मेलेले लोक परत येतात, पण कुणाला खायला येत नाहीत. सकाळी साडेपाचला बादल्या घेऊन नळावर रांगेत उभे राहतात. जिवंत माणसांचा नंबर लागेना, म्हणून भांडणं. रोमेरोने १९७८मध्ये आपल्या दुसऱ्या झॉम्बीपटात मेलेल्यांना सवयीने मॉलमध्ये फिरवलं होतं, ते याने चाळीत आणलं. चोरी म्हणा हवं तर. पण मॉलला दार असतं आणि चाळीला गॅलरी, हा फरक मोठा आहे. गॅलरीत कुणी कुणापासून लपू शकत नाही, मेलं तरी.

शूटिंग पितृपक्षात, कारण विसर्जन झालं की मंडळाचे हॅलोजन, बांबू आणि उरलेले रंग फुकट मिळतात. लगेच कुरबुर सुरू. या पंधरवड्यात मढ्याची सोंगं कशाला? कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजींनी, वय ७८, निकाल दिला, "बरोबरच आहे की. या दिवसांत ते येतातच. जेवायला वाढतो ना आपण?" वाद मिटला. आजी स्वतःच झॉम्बी व्हायला तयार झाल्या.

रक्ताचं सांगतो, कुणाला उपयोगी पडेल. साखरेचा घट्ट पाक, खाण्याचा लाल रंग, त्यात अर्धा चमचा कोको पावडर आणि निळ्या रंगाचा एकच थेंब. नुसता लाल घातलात की सरबत दिसतं. रंग क्रॉफर्ड मार्केटातून, केकचं सामान मिळतं तिथून. सोललेल्या कातडीसाठी टिश्यू पेपर आणि लेटेक्स (पातळ रबर) होतं, ते पहिल्या दिवशीच संपलं. मग मैद्याची खळ, आपण पोस्टर चिकटवायला करतो ती. ती वाळली की तडकते आणि लेटेक्सपेक्षा झकास दिसते. आतडी मटणवाल्याकडून आणायची ठरली होती, पण पितृपक्षात चाळीत वजडी आणायची कुणाची छाती! शेवटी पडवळ. उकडलं, आतला गर काढला, बीटच्या रसात रात्रभर ठेवलं. कॅमेऱ्यात बघून एक मुलगी खरोखर ओकायला गेली. एकच त्रास झाला, मुंग्या. पाकाचं रक्त म्हणजे त्यांची दिवाळी. मी जिन्यात मरून पडलेलो आणि बनियनमध्ये लाल मुंग्यांची रांग. त्या शॉटमध्ये माझा खांदा जो उडतो ना, त्याचं सगळ्यांनी फार कौतुक केलं.

चाल शिकायलाही वेळ लागला. सगळे आधी हात पुढे काढून चालायचे. भाचा म्हणाला, "हात खाली. रात्री झोपेतून उठून मोरीकडे जाता ना, तस्से चाला." दोन मिनिटांत चौदा उत्तम झॉम्बी तयार.

तिसऱ्या दिवशी गच्चीत शूटिंग होतं आणि नेमकं त्याच दिवशी दुसऱ्या मजल्यावर श्राद्ध. त्यांनी कावळ्याचं पान कठड्यावर ठेवलेलं आणि आम्ही सातजण दहा फुटांवर गुरगुरत फिरतोय. कावळा समोरच्या पत्र्यावर बसून बघत होता, पण येईना. खाली पंगत खोळंबलेली. शेवटी त्या घरचे काका वर आले आणि ओरडले, "तुमच्या त्या मढ्यांना आधी खाली घ्या, कावळा येईना!" आम्ही मुकाट्याने जिना उतरलो. दोन मिनिटांत कावळा शिवला. मग त्यांनीच आम्हाला जेवायला बसवलं. गॅलरीत पाट, ताटात वडे, खीर, आमसुलाची चटणी, आणि तोंडाला खळ लावलेले आम्ही सात. वाढणाऱ्या काकूंचा हात दर वेळी जरा लांबूनच येत होता.

आता आजींचा सीन. मेकअप करणाऱ्या मुलीने चेहरा पांढरा केला, कुंकू पुसायला गेली, तर आजींनी हात धरला. "मेलेय म्हणून काय झालं, सवाष्ण मेलेय. कुंकू राहील." राहिलं. पांढऱ्याफटक चेहऱ्यावर रुपयाएवढं लाल कुंकू. त्या फ्रेमला कुठला मेकअपवाला काय तोड देणार?

समोर त्यांचे यजमान, खरेच आजोबा. लिहिलेलं असं होतं की बायको मेलेली परत आलीय हे बघून ते दार लावतात आणि दाराला टेकून रडतात. कॅमेरा चालू झाला. आजी एक पाय ओढत आल्या, तोंडातून रक्त, घशातून घरघर. आजोबा दारात उभे. दार लावायचं ते विसरले बहुधा. त्यांनी बायकोच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाले, "चपला बाहेर काढ."

कॅमेऱ्यामागे आम्ही पदर, रुमाल, जे मिळेल ते तोंडात कोंबलं. भाचा 'कट' म्हणाला नाही, हे त्याचं मोठेपण. आजी थांबल्या. घरघर तशीच चालू ठेवून त्यांनी एक चप्पल काढली, मग दुसरी, दोन्ही पायाने भिंतीकडे सरकवल्या, जशा रोज सरकवतात तशा, आणि आत गेल्या. आजोबा बाजूला झाले. दार आतून लागलं.

हॉलमध्ये 'चपला'ला हशा झाला, इतका की पुढची घरघर ऐकूच आली नाही. मग दार लागलं. पडद्यावर नुसत्या दोन चपला आणि बंद दार, पाचेक सेकंद. हॉलमधला पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

आता सांगा, हे कुठल्या बजेटमध्ये बसवणार होता? पैसे असते तर आजींच्या जागी नटी आली असती, चांगली आली असती, आणि तिने बरोबर लिहिल्याप्रमाणे केलं असतं.

फिल्ममध्ये खोट नाही असं म्हणत नाही. आवाज भयंकर आहे, मधला भाग लांबलाय, एका शॉटमध्ये प्रेशर कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत आणि त्या काढता आल्या नाहीत. मोबाइलवर शूट केलेलं अंधारात फुटतं. वॉचमन झालेला मी तर चक्क कॅमेऱ्यात बघितलंय. गॅलरीतल्या लादीवरचा लाल डाग अजून गेलेला नाही, बायको दर रविवारी त्यावरून मला ऐकवते.

आता एकजण भाच्याला म्हणतोय की हेच मोठं करू, दोनशे झॉम्बी कॉम्प्युटरवर काढू. पोरगं विचारात पडलंय. मी काही बोललो नाही. आजींना मात्र दुसऱ्या भागाची बातमी लागलीय. परवा नळावर गाठून त्यांनी त्याला बजावलं, "ऐक रे, या खेपेला मी मरणार नाही. मला पळायचंय." भाचा कालपासून गॅलरीत वाकून बघत हिंडतोय, लादी कुठे कुठे गुळगुळीत झालीय ते.