बोरन्हाणाचा फोटो असा काढावा

बाळाचा झकास फोटो हवा असेल तर आधी त्याची दुपारची झोप मोडा. बोरन्हाण संध्याकाळी पाचला असलं तरी तीनपासूनच त्याला सजवायला घ्या. काळं झबलं, त्यावर हलव्याचे दागिने. हलव्याला काटा चांगला फुललेला बघून घ्या, कारण तो मानेला टोचल्याशिवाय चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत. मुकुट घसरून डोळ्यांवर येईल. येऊ द्या, डोळे तसेही रडून सुजलेलेच असणार.

खिडकीकडे मात्र बाळाला नेऊ नका. तिथे बाजूने येणारा मऊ उजेड फुकट मिळतो, आणि फुकटच्या वस्तूला आपल्याकडे किंमत नसते. त्याला भिंतीला टेकवून बसवा, मागे सोनेरी झिरमिळ्या आणि पतंग, वर ट्यूबलाइट, समोरून फ्लॅश. फ्लॅशचा उजेड डोळ्याच्या बाहुलीतून थेट आत शिरतो आणि लाल होऊन परततो. त्या लाल डोळ्यांचा फोटो बघितला की आजी मीठमोहऱ्या घेऊन येतातच. दृष्ट काढण्याचा कार्यक्रम वेगळा ठरवावा लागत नाही.

काळ्या कपड्याचा आणखी एक फायदा आहे. कॅमेऱ्याला जग मध्यम करडं असावं असं वाटतं. काळं झबलं दिसलं की अंधार पडला असं समजून तो उजेड वाढवतो. झबलं राखाडी होतं आणि चेहरा पिठाच्या डब्यात पडल्यासारखा. स्क्रीनवर चेहऱ्याला बोट लावून सूर्याचं चिन्ह खाली ओढलं तर खरा रंग परत येतो, पण असला वेडेपणा कोण करतो? आत्याबाईंचं 'किती उजळलंय गं!' मग ऐकायला कसं मिळणार?

फोटो उभ्यानेच काढा. बाळाच्या नजरेच्या पातळीला उतरायचं तर गुडघे टेकावे लागतात, आणि कुर्ता इस्त्रीचा आहे. वरून काढला की डोकं भोपळ्याएवढं आणि पाय नसल्यातच जमा. फारच प्रेम आलं तर फोन नाकापासून वीतभर अंतरावर धरा. तिथून नाक असं फुगतं, की ते कोणत्या आजोबांवर गेलंय हा वाद दोन्ही घरांना वर्षभर पुरतो.

आता मुख्य सोहळा. चुरमुरे, बोरं, हरभरे, उसाचे करवे, गोळ्या, सगळं एकदम डोक्यावरून ओतायचं. हलत्या मुलासाठी शटर, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड आत घेणारी झडप, फार तर १/२५० सेकंद उघडं हवं, आणि त्यासाठी भरपूर उजेड हवा. ट्यूबलाइटखाली फोन आपला १/३० वर रमतो, त्यामुळे फोटोत बोरं स्पष्ट येत नाहीत आणि बाळही नाही. त्यातच सहा मोबाइल सहा दिशांनी 'इकडे बघ रे सोन्या' करत असतात, एकाकडून खुळखुळा, दुसऱ्याकडून गाणं. बाळ छताकडे बघतं. त्याचं बरोबर आहे.

एकोणिसाव्या शतकात विलायतेत एकेका फोटोला काही सेकंद लागायचे. मूल हलू नये म्हणून आई अंगावरून कापड पांघरून, खुर्ची होऊन, त्याला धरून बसायची. आपल्याकडे कापडाचा खर्च नाही. आईला आपण थेट कापूनच टाकतो, चौकटीत तिचं फक्त बांगड्यांचं मनगट ठेवतो.

ओतून झालं की मोठी पोरं बोरांवर तुटून पडतात. बाळ ढिगात बसून एक चुरमुरा चिमटीत पकडायचा प्रयत्न करत असतं. जीभ बाहेर, रडणं विसरलेलं. या वेळी तुम्ही फोटो ग्रुपवर टाकण्यात गर्क असायला हवं. एखाद्या आगाऊ भाच्याने जमिनीवर पालथं पडून तो क्षण टिपलाच, तर लगेच डिलीट करायला लावा. मुकुट वाकडा, नाकाला शेंबूड, आणि मोठ्या काकू त्यात कुठेच नाहीत.