झोपमोड

आमचा संगणक रात्री उठतो. मी त्याला रीतसर झोपवतो, स्क्रीन काळी होते, पंख्याची घरघर थांबते आणि रात्री सव्वादोनच्या सुमाराला तो आपला आपण डोळे उघडून बसतो. टेबल पलंगाला लागूनच असल्यामुळे तो उजेड थेट माझ्या नाकावर. या सोयीला स्लीप मोड म्हणतात. आमच्या घरी त्याचा उच्चार झोपमोड असा होतो.

पहिल्या रात्री वाटलं, मीच नीट झोपवला नसेल. दुसऱ्या रात्री म्हटलं, अपडेट असेल. (संगणकाचं काहीही बिनसलं की 'अपडेट असेल' म्हणायचं, पूर्वी 'हवा बदलली' म्हणायचे तसं.) तिसऱ्या रात्री बायको उशीत तोंड खुपसून म्हणाली, "अहो, एक तर त्याला बंद करा, नाही तर तुम्ही दोघंही बाहेर जाऊन झोपा."

रोज पूर्ण बंद करणं हा उपाय होताच. पण मग सकाळी अर्धवट लिहिलेला मजकूर आणि उघडी ठेवलेली पंचवीस पानं शोधत बसा. शिवाय यंत्रापुढे हार मानायची? मी भाच्याला फोन लावला.

"मामा, काहीही इन्स्टॉल करू नकोस. सगळं आतच असतं. स्टार्टमध्ये जा, सीएमडी लिही, उजवं क्लिक करून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघड."

कमांड टाइप करायची काळी खिडकी उघडली. बाकीचे प्रोग्राम उघडल्या उघडल्या स्वागत करतात, नवीन काय आलंय ते दाखवतात. ही गप्प. फक्त एक बारीक रेघ लुकलुकत होती, 'बोला, काय काम काढलंत?' अशा थाटात.

"आता लिही, पॉवरसीएफजी, मग स्पेस, मग स्लॅश, मग लास्टवेक. शेवटचं कोणी उठवलं ते सांगेल."

मी दिवसभर मराठीत लिहितो, त्यामुळे कीबोर्डही मराठीतच होता. खिडकीत ओळीने चौकोन उमटले. एंटर दाबल्यावर उत्तर आलं की ही इंटर्नल कमांडही नाही आणि एक्स्टर्नलही नाही. घरचीही नाही, बाहेरचीही नाही! भाचा म्हणाला, तसं खरंच असतं. डीआयआर, सीएलएस वगैरे मंडळी खिडकीच्या पोटातली, ती घरची. पिंग, पॉवरसीएफजी हे स्वतंत्र प्रोग्राम, सिस्टिम३२ नावाच्या फोल्डरमध्ये राहणारे, ते बाहेरचे. "आणि तू जे लिहिलंस ना मामा, ते जगात कुठेच नाही."

कीबोर्ड इंग्रजीत आणला. आता स्लॅश.

"कुठला स्लॅश?"

"उजवीकडे झुकलेला."

"वरचं टोक उजवीकडे की खालचं?"

पलीकडे शांतता. मी अंदाजाने एक दाबला आणि तो अर्थातच दुसरा निघाला. यात माझा काडीचाही दोष नाही. डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची संगणकप्रणाली; १९८१ सालच्या तिच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हतेच, आणि सरळ स्लॅश कमांडच्या पर्यायांसाठी वापरून झाला होता. १९८३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा त्यांच्यासाठी उलटा स्लॅश घ्यावा लागला. तेव्हाची अडचण निस्तरायला आज मी बसलो होतो, चष्मा कपाळावर सरकवून.

अखेर खिडकीने तोंड उघडलं. कोणी उठवलं? तर 'यूएसबी रूट हब'ने.

"म्हणजे कोणी रे?"

"म्हणजे यूएसबीला जोडलेल्या कशाने तरी."

बेल कोणी वाजवली असं विचारावं आणि 'बोटाने' असं उत्तर मिळावं, तसली गत. तेवढ्यात भाच्याची मीटिंग सुरू झाली. "संध्याकाळी बघू. तोवर कशाला हात लावू नकोस."

असं सांगितल्यावर हात न लावणारा माणूस मला अजून भेटायचाय. मी एसएफसी स्कॅननाऊ केलं. हे विंडोजच्या सगळ्या मूळ फाइली तपासतं, आणि चार टक्के, पाच टक्के असं पुटपुटत राहतं. मी समोर खुर्ची टाकून बसलो, ऑपरेशन थिएटरबाहेर बसावं तसा. शंभर झाले आणि निकाल आला, फाइली धडधाकट आहेत. मग चेकडिस्क. ती म्हणाली, ड्राइव्ह वापरात आहे, आत्ता तपासता येणार नाही. पुढच्या वेळी सुरू होताना तपासू का? वाय किंवा एन. आयुष्यात कुठल्याच प्रश्नाचं उत्तर मी एका अक्षरात दिलेलं नाही, पण दिलं. रीस्टार्ट. पुन्हा टक्के. डिस्कही ठणठणीत! सगळे रिपोर्ट नॉर्मल आल्यावर रोग्याचा चेहरा कसा पडतो, ते मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी भाच्याने पॉवरसीएफजीलाच दुसरा प्रश्न विचारायला लावला, डिव्हाइसक्वेरी वेक अंडरस्कोअर आर्म्ड. म्हणजे याला झोपेतून उठवायची परवानगी कोणाकोणाला आहे? तीन नावं आली: कीबोर्ड, माउस, नेटवर्क कार्ड.

"माउसच असणार. जरा हलला तरी उठतो तो. रात्री सव्वादोनला तुमच्याकडे माउस कोण हलवतं?"

"कोणीही नाही," मी ठामपणे म्हणालो.

"हे हलवतात," बायको मागून फोनच्या दिशेने म्हणाली. "दोनच्या पुढे कूस बदलतात. पलंग टेबलावर आपटतो. काही कमांड लागत नाही त्याला, मी शेजारीच असते."

भाचा बराच वेळ खोकत होता. मग त्याने उपाय सांगितला. डिव्हाइसडिसेबलवेक आणि पुढे माउसचं पूर्ण नाव, दुहेरी अवतरणचिन्हांत. नावात मध्ये स्पेस आहे, अवतरणचिन्हं नसतील तर अर्धंच नाव वाचलं जातं. लिहिलं. एंटर. काहीच झालं नाही.

"झालं," भाचा म्हणाला.

"अरे, पण काही बोलली नाही ती."

"चुकलं तरच बोलते."

माझ्या वडिलांची पद्धत हीच होती.

त्या रात्री मी मनसोक्त कुशी बदलल्या. पलंग दोनदा आपटल्याचं सकाळी कळलं. संगणक मात्र हूं की चूं न करता पडून होता.

सकाळी लिहायला बसलो आणि माउस हलवला. स्क्रीन काळीच. जोरात हलवला. वायर काढून दुसऱ्या भोकात घातली, फुंकर मारली, पुन्हा हलवला. शेवटी घाबरून फोन लावला.

"मामा," भाचा झोपेतच म्हणाला, "माउस हलला तरी उठू नकोस, असं काल तूच सांगितलंस ना त्याला?"

"सांगितलं रे! पण ते रात्रीपुरतं!"