कडीकोयंडा नको, कॅमेरा हवा

संगणक सुरक्षित ठेवणे हे मुळात सोपे काम आहे. तज्ज्ञांनी ते उगाच अवघड करून ठेवले आहे. वाचकाने एकच तत्त्व गाठीशी बांधावे, की ज्या उपायाला पैसे पडत नाहीत तो उपायच नव्हे. मजबूत पासवर्ड फुकट मिळतो, संगणकाचे अपडेट फुकट मिळते आणि अनोळखी लिंकवर क्लिक न करण्याला तर कोणी शुल्क आकारल्याचे ऐकिवात नाही. तेव्हा असल्या क्षुल्लक गोष्टींत वेळ न दवडता थेट पाळत ठेवणाऱ्या यंत्रांची खरेदी करावी.

तरीही पासवर्ड ठेवणे भागच पडले, तर तो निवडताना बहुमताचा आदर करावा. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीकडचे सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड फुटले, तेव्हा त्यांत ‘१२३४५६’ हा सर्वांत लोकप्रिय ठरला. इतक्या माणसांना जो सुचला, तो चोरालाही सुचेल अशी शंका घेणे हा त्या माणसांचा अपमान होय. पासवर्ड ठरावीक दिवसांनी बदलत राहण्याची शिस्तही सोडू नये. अमेरिकेच्या मानक संस्थेसाठी २००३ मध्ये ज्यांनी ही शिस्त लिहून काढली, त्या बिल बर यांनी २०१७ मध्ये त्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला आणि त्याच वर्षी संस्थेनेही हा आग्रह सोडला. पण कर्त्याने सोडला म्हणून आपण नियम सोडायचा नसतो. सक्तीने बदलायला लावलेला पासवर्ड माणूस शेवटचा आकडा एकाने वाढवून बदलतो, ही बाब सर्वांना ठाऊक आहे. प्रस्तुत लेखकाच्या पासवर्डाची सध्या सतरावी आवृत्ती चालू आहे.

लक्षात राहत नसेल तर पासवर्ड कागदावर लिहून भिंतीवर चिकटवावा. फ्रान्सच्या टीव्ही५मोंद या वाहिनीवर एप्रिल २०१५ मध्ये सायबर हल्ला झाला. त्याविषयी तिथल्या एका पत्रकाराची मुलाखत दूरचित्रवाणीवर झळकली, तेव्हा त्याच्या पाठीमागच्या चिठ्ठ्यांवर वाहिनीचे पासवर्ड दिसत होते. पारदर्शक कारभार म्हणतात तो हाच.

अपडेटचा विचार बैल गेल्यावरच करावा, कारण झोपा आधी बांधला तर त्याचे महत्त्व कोणाला कळणार? मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एक भोक बुजवणारे अपडेट दिले. मे महिन्यात त्याच भोकातून शिरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने सुमारे १५० देशांतले संगणक ओलीस धरले आणि ब्रिटनमधल्या रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. मधले दोन महिने ‘नंतर आठवण करा’ हे बटण दाबणाऱ्यांचे चित्त मात्र प्रसन्न होते.

आता मुख्य विषय, म्हणजे कॅमेरा. तो इंटरनेटला जोडावा, आणि कारखान्यातून आलेला त्याचा पासवर्ड हा कुलदैवताचा अंगारा समजून त्याला हात लावू नये. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने अशा मूळ नावा-पासवर्डांच्या साठेक जोड्या पाठ केल्या आणि जगभरचे कॅमेरे व त्यांचे रेकॉर्डर आपल्या चाकरीला लावले. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला या फौजेने संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर असा मारा केला, की ट्विटर आणि नेटफ्लिक्स कित्येकांना काही तास उघडेनात. घराच्या दारावर नजर ठेवायला बसवलेल्या उपकरणाने कोणाच्या ध्यानीमनी नसताना परक्याची दारे बंद करून दाखवली, याचा मालकाला अभिमानच वाटायला हवा.

नुसत्या कॅमेऱ्याने समाधान होत नसेल, तर चेहरा ओळखणारी यंत्रणा घ्यावी. ३ जून २०१७ रोजी वेल्समधल्या कार्डिफ शहरात चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना होता, तेव्हा पोलिसांनी ती वापरली. ‘हाच तो’ असा इशारा यंत्राने २,४७० वेळा दिला आणि त्यांपैकी २,२९७ वेळा ‘तो’ हा नव्हता. काही हिशेबी मंडळी याला अपयश म्हणतात. उरलेल्या १७३ वेळा यंत्र बरोबर होते, हे ती सोयीस्करपणे विसरतात. त्या वेळा नेमक्या कोणत्या, हे मात्र माणसालाच जाऊन पाहावे लागते.

विक्रेता तुम्हाला सांगेल, की आमचे नवे यंत्र ९९ टक्के अचूक आहे. ते खरेच मानावे आणि कागद-पेन्सिल दूर ठेवावी. कारण पेन्सिल हाती घेतलीच, तर असे दिसेल, की १० लाखांच्या गर्दीत खरे गुन्हेगार १० असतील तर यंत्र त्यांतले बहुधा सगळे पकडेल, आणि त्यांच्या जोडीला सुमारे १०,००० निरपराध माणसेही पकडेल. म्हणजे यंत्राने बोट दाखवलेल्या हजारात गुन्हेगार जेमतेम एक. दोष यंत्राच्या घडणीत नसून गुन्हेगारांच्या दुर्मीळपणात आहे. ते पुरेशा संख्येने उपलब्ध झाले, तर यंत्र उत्तम चालेल. तोवर गवताच्या गंजीत सुई सापडत नसल्यास आणखी गवत मागवावे. अमेरिकेने वर्षानुवर्षे आपल्या नागरिकांच्या फोनच्या नोंदी घाऊक गोळा केल्या. त्या कार्यक्रमामुळे एखाद्या दहशतवादविरोधी तपासाच्या निकालात ठोस फरक पडला असे एकही उदाहरण सापडले नाही, असा अहवाल तिथल्याच स्वतंत्र देखरेख मंडळाने जानेवारी २०१४ मध्ये दिला. यावरून गवत कमी पडले, एवढाच निष्कर्ष निघतो.

‘आमच्याकडे लपवण्यासारखे काही नाही, मग पाळतीला का भ्यावे?’ असे विचारणाऱ्या वाचकांचे प्रस्तुत लेखकाला फार कौतुक वाटते, आणि त्यांचा पत्रव्यवहार वाचण्याची उत्सुकताही. पाळतीची सोय फक्त सज्जनांच्या हाती राहते, हे त्यांनी गृहीत धरलेलेच असते. ग्रीसमध्ये २००४-०५ साली व्होडाफोनच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कायदेशीर चोरून-ऐकणीसाठी जी सोय अंगभूत होती, तीच कोणी अनाहूतांनी गुपचूप चालू केली आणि शंभराहून अधिक फोन ऐकले. त्यांत देशाच्या पंतप्रधानांचाही फोन होता. कुंपणाने शेत खाल्ले असे म्हणावे, तर कुंपण बिचारे जागच्या जागीच होते. फक्त त्याला ठेवलेल्या फाटकाची चावी कोणत्या हातात आहे, हे फाटकाला कळत नाही.

एवढे करूनही मनाची शांती लाभली नाही, तर पासवर्डच रद्द करून बोटांचे ठसे वापरावेत, कारण ठसा विसरता येत नाही. अर्थात तो बदलताही येत नाही. अमेरिकी सरकारच्या कर्मचारी खात्यातून चोरीला गेलेल्या माहितीत ५६ लाख लोकांच्या बोटांचे ठसे होते, असे २०१५ मध्ये उघड झाले, आणि त्या ५६ लाखांना नवी बोटे देण्याचा आदेश अद्याप निघालेला नाही. वाचकाने घाबरून जाऊ नये. आपल्याजवळ दहा बोटे आहेत, दर चोरीमागे एक या दराने ती बराच काळ पुरतील. पुढे पायांच्या बोटांवर यायची वेळ आली, तर मोजे काढण्यापूर्वी खोलीतला कॅमेरा कोणत्या दिशेला आहे, तेवढे मात्र पाहून घ्यावे.