खळ्यातून उडणारं विमान आणि ग्रुपवरचा मेसेज

दर दोन-तीन महिन्यांनी हा मेसेज आमच्या परभणीच्या ग्रुपवर फिरून येतो. या वेळी सोबत तिरंगा आणि रडकं तोंडही होतं: "एकाहत्तरला विराटवरून उडून कराची पेटवणारं, गावच्या खळ्यातूनही सरळ वर जाणारं धडधाकट सी हॅरियर विमान परदेशी दबावाखाली भंगारात काढलं!" आमचा दादा गोव्यात नेव्हीत होता, याच विमानांच्या देखभालीवर. त्यामुळं गप्प बसवत नाही.

कराचीचं आधी निपटवू. पहिली सी हॅरियर आपल्याकडं आली डिसेंबर १९८३ मध्ये. विराट ही विमानवाहू युद्धनौका आली १९८७ मध्ये, तोवर ती ब्रिटिशांची हर्मिस होती. एकाहत्तरला कराचीवर गेल्या त्या क्षेपणास्त्र बोटी. विमानवाहू विक्रांत तेव्हा पार पलीकडं, बंगालच्या उपसागरात होती. तिच्यावरची सी हॉक विमानं चितगाव, कॉक्स बझारवर तुटून पडत होती. मेसेजवाल्याचा हिशोब बारा वर्षांनी चुकला.

आता खळं. इंजिन एकच, पेगासस. त्याला फिरती चार नॉझल, म्हणजे जोरानं हवा बाहेर सोडणारी तोंडं. ती खाली वळवली की सगळा जोर जमिनीवर. पण हा जोर जेमतेम पावणेदहा टनांचा, आणि पूर्ण तेल-शस्त्रं भरली की विमान जातं पावणेबारा टनांवर. मग सरळ वर उचलणार कसं? उचलायचं तर तेल कमी, शस्त्रं कमी, म्हणजे लढाईला जाऊन करायचं काय? म्हणून विराटच्या टोकाला चढ होता. थोडं पळायचं, चढावरून उडी मारायची.

आणि खळ्यात ते उतरलंच, तर सोयाबीनची गंज शेजारच्याच्या शिवारात जाईल, ती एक वेळ सोडा. धुरळ्याबरोबर उडालेले खडे इंजिनात गेले तर पात्यांचं काय होईल? दादा सांगतो, उड्डाणाआधी सगळे ओळीनं उभे राहायचे आणि मान खाली घालून खडा न् खडा, तारेचा तुकडा, पडलेला स्क्रू वेचत जायचे. तेही डांबर-काँक्रीटवर. आपल्या काळ्या रानाचं बोलूच नका.

'धडधाकट' आणि 'दबाव' एकत्रच घेतो. तीसएक विमानं घेतली होती, त्यांतली निम्म्याहून जास्त अपघातांत गेली; काही वैमानिकही गेले. उरलेल्यांना इस्रायली रडार आणि नवी क्षेपणास्त्रं बसवली, म्हणजे टिकवायची खटपट झाली. पण ब्रिटननं स्वतःची सी हॅरियर २००६ मध्येच बंद केली. सुटे भाग आणणार कुठून? मोंढ्यामागच्या गॅरेजात एक ट्रॅक्टर चालवायला दुसरा सोलतात, तसंच. अमेरिकेनंसुद्धा २०११ मध्ये ब्रिटनची जुनी ७२ हॅरियर घेतली, ती मुख्यतः सुट्या भागांसाठी. ११ मे २०१६ ला गोव्यात आपल्या विमानांना निरोप दिला, पुढच्या वर्षी विराटही गेली. ती उडवणारी तीनशे नंबरची 'व्हाइट टायगर्स' स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, बंद पडली नाही, तिच्याकडं मिग-२९के ही लढाऊ विमानं आली.

उभं उतरणं मात्र शंभर टक्के खरं. ते बघितल्याचं सांगताना दादा अजून हातातला चहा खाली ठेवतो. एक हात जहाज, दुसरा विमान. विमान जहाजाच्या बाजूला येऊन त्याच्याच वेगानं हवेत लटकायचं, मग हळूच आडवं सरकत डेकवर यायचं आणि शेवटच्या हातभर अंतराला धप्पकन बसायचं.