चाकूवरचा शिक्का वाचण्याआधी

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे.

ओळखीतला एक मुलगा चोर बाजारातून घेतलेला घडीचा चाकू दाखवायला आला. साडेसहा हजार रुपये मोजलेत. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, 'रॉजर्स आहे, शेफिल्डचा, व्हिक्टोरिया राणीच्या वेळचा.' (रॉजर्स म्हणजे इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरातली जुनी चाकू कंपनी.) टँगवर, म्हणजे पात्याच्या मुळाशी जिथे धार नसते तिथे, मुकुट, मुकुटाच्या दोन बाजूंना व्ही आणि आर (व्हिक्टोरिया रेजिना, म्हणजे व्हिक्टोरिया राणी), खाली कंपनीचं नाव. पातं उलटलं तर मागे 'स्टेनलेस'.

राणी गेली जानेवारी १९०१ मध्ये. शेफिल्डच्याच हॅरी ब्रेअर्लीने स्टेनलेस पोलाद बनवलं १९१३ मध्ये. एका पात्यावर हे दोन्ही आलं कुठून? बरं, पातं स्टेनलेससुद्धा नाही. करडी-निळसर झाक चढलेलं साधं कार्बन स्टील आहे, टोकाशी गंजाचे खड्डे आहेत. ठोकणाऱ्याला वाटलं असेल, एक शब्द वाढवला की हजार रुपये वाढतात. (लोहचुंबक लावून बघू नका. चाकूच्या पात्याचं स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं.)

रॉजर्सचा ओळखीचा मार्क म्हणजे तारा आणि शेजारी माल्टीज क्रॉस, म्हणजे टोकांकडे रुंद होत जाणारा क्रॉस. १६८२ पासूनचा आहे तो. या चाकूवर नाही. ठीक आहे, छोट्या पात्यावर सगळं मावत नाही, एवढ्यावरून निकाल देता येत नाही. पण भिंग लावल्यावर बोलायला जागाच उरली नाही.

कारखान्यात शिक्का मारतात तो पातं मऊ असताना. पूर्ण नाव एकाच ठशात कोरलेलं असतं आणि एका दाबात उमटतं. म्हणून ओळ सरळ असते, किंवा ठरवून दिलेल्या कमानीत असते, आणि अक्षरांमधलं अंतर बदलत नाही. ठसा बसताना अक्षराच्या काठाने धातू किंचित वर येतो. त्यानंतर पातं तापवून, विझवून कडक करतात, मग घासतात, पॉलिश करतात. त्या घासाईत तो उंचवटा निघून जातो. नख फिरवा, अक्षराच्या काठाला कड लागता कामा नये.

त्या मुलाच्या चाकूवर लागते. शिवाय दोन 'एस' वेगवेगळ्या कोनात झुकलेत आणि 'ओ' ओळीच्या खाली उतरलाय. म्हणजे मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात मिळतात तसल्या पंचांनी (एकेका अक्षराच्या लोखंडी ठशांनी) एकेक अक्षर हातोडीने ठोकलंय. कडक पात्यावर पंच नीट रुतत नाही, म्हणून आधी टँग तापवून नरम केला असणार. तापवलं की पोलादावर पिवळा, जांभळा, निळा रंग चढतो, तो लपवायला वरून पॉलिश पेपर मारला. परिणाम असा की टँग चकचकीत आणि पातं काळवंडलेलं. एकाच लोखंडाच्या तुकड्याची दोन वयं कशी असतील?

बघायचं कसं, ते नीट सांगतो. झवेरी बाजारात जवाहिरे वापरतात ते दहा पटीचं भिंग घ्या. टॉर्च वरून मारू नका, टँगला जवळजवळ टेकवून आडवा धरा, सावल्या पडू द्या. मग अक्षरांचा तळ बघा. जुन्या शिक्क्याचा तळ टँगइतकाच किंवा त्याहून जास्त काळा असतो, कारण तेल, धूळ, ओलावा तिथेच साचतो. टँग काळा आणि अक्षरांचा तळ पांढरा असेल तर शिक्का नंतरचा. उलट, तळ काळा आणि अक्षरांच्या कडा वितळल्यासारख्या गोल, तर शिक्का जुना असू शकतो पण कोणीतरी बफ मारून त्याची वाट लावली आहे. किंमत तिथेच पडली.

ॲसिडने खोदलेलं अक्षर उथळ असतं, कड पुसट, तळ रवाळ. लेझरच्या अक्षराच्या तळाशी बारीक समांतर रेघा दिसतात, काठाला करपल्यासारखी तपकिरी छटा असते. हाताने कोरलेल्या रेघेचं टोक निमुळतं होत जातं. आजचे कारखाने स्वतःच लेझर वापरतात हे मान्य. नव्या चाकूवर तो दोष धरू नका. पण महायुद्धाआधीचा म्हणून विकायला काढलेल्या चाकूवर लेझरच्या रेघा दिसल्या तर उठून चालू लागा.

आणि कृपा करून गंजाला वय समजू नका. ही मुंबई आहे. कार्बन स्टीलचं पातं पावसाळ्यात तेल न लावता खिडकीत ठेवा, आठवड्यात तांबूस होतं. व्हिनेगर किंवा फेरिक क्लोराइड या रसायनाने तर एका संध्याकाळात काळं करता येतं. पण ते काळेपण सगळीकडे सारखं बसतं. वापरातून आलेली झाक धारेजवळ वेगळी असते, पातं उघडायच्या नखाच्या खाचेभोवती वेगळी आणि मुठीत दडणाऱ्या भागात आणखी वेगळी.

तारखा पाठ करा, फार नाहीत. 'इंग्लंड' लिहिलेला चाकू साधारणपणे १८९० नंतरचा. अमेरिकेच्या मॅकिन्ली टॅरिफ या आयात-कराच्या कायद्यानंतर १८९१ पासून तिथे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव लागायला लागलं. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९० च्या मधला, त्याला कोणी हिटलरच्या काळातला म्हणत असेल तर ऐकूनही घेऊ नका. ओपिनेल या फ्रेंच चाकूच्या मानेवर, म्हणजे पातं मुठीला जुळतं तिथे, फिरणारी लोखंडी कडी असेल तर चाकू १९५५ च्या आधीचा नाही, कारण ती कडीच तेव्हा आली. लाग्योल या फ्रेंच चाकूच्या नावावर आणि त्याच्या पाठीवरच्या माशीच्या नक्षीवर कोणा एका कंपनीचा हक्क नाही, त्यामुळे माशी दिसली म्हणून पैसे वाढवून देऊ नका. 'केस' या अमेरिकन कंपनीचे चाकू तर स्वतःच वर्ष सांगतात. १९४० ते १९६४ 'केस डबल एक्स', १९६५ पासून त्याखाली 'यू.एस.ए.', १९७० मध्ये त्याच्याही खाली दहा ठिपके, आणि पुढे दरवर्षी एक ठिपका कमी, १९७९ ला एकच. टँगच्या मागचा नमुन्याचा आकडाही जुळवून बघा. ६२५४ मधला ६ म्हणजे हाडाची मूठ, २ म्हणजे दोन पाती, ५४ हा नमुना. आकड्यात ६ आणि मूठ पिवळ्या प्लॅस्टिकची, किंवा पातं एकच, तर गडबड आहे.

हो, कारखाने जुने ठसे झिजेपर्यंत वापरतात, आधी शिक्का मारून ठेवलेली पाती पुढच्या वर्षी जोडतात. वर्ष-दोन वर्षांचा घोळ मी सोडून देईन. राणी आणि स्टेनलेसमधला बारा वर्षांचा नाही.

शिक्का खरा निघाला तरी लगेच खुश होऊ नका. कधी खरं पातं दुसऱ्याच चाकूच्या मुठीत बसवलेलं असतं. बोल्स्टरवरची, म्हणजे मुठीच्या टोकाच्या धातूच्या भागावरची, रिवेट बघा. मूळ रिवेट बोल्स्टरसोबतच घासली जाते, ती शोधावी लागते. भोवती गोल कडा उठून दिसत असेल किंवा तेवढाच भाग चकाकत असेल तर चाकू उघडला गेलाय. दुसरं पातंही उघडा. मोठं पातं वापरून निम्मं झालंय आणि लहान कोरं करकरीत, किंवा उघडलेलं पातं आडवं हलतंय, तर विचारा, रिवेट कोणी बदलली?

चोर बाजारातला प्रत्येक माणूस लबाड आहे असं मी म्हणत नाही. कित्येकांना वरचं इंग्रजी वाचता येत नाही, हातात आलेला माल ते पुढे देतात. राग आहे तो भट्टी पेटवून, पंच हातात घेऊन बसणाऱ्यावर.

कारण त्या मुलाचा चाकू मुळात वाईट नाहीच हो. शिंगाची मूठ, आतल्या पितळी पट्ट्या, आणि स्प्रिंग अशी की पातं अर्ध्यावर सोडलं तरी टक्कन बंद होतं. कुठल्यातरी छोट्या कारखान्यात कोणीतरी मन लावून बनवलेला, बिनशिक्क्याचा, चांगला चाकू होता तो. कोणी बनवला असेल, कुठे, हे शोधता आलं असतं. टँग भट्टीत धरून ते कायमचं मारून टाकलं, आणि वर दुसऱ्याचं नाव.

त्याला सांगितलंय, शिक्का घासून काढू नकोस, आणखी धातू जाईल. सांध्यात मिनरल ऑइलचा एक थेंब सोड, पातं पुसून कोरडं ठेव, आणि चामड्याच्या म्यानात बंद करून ठेवू नकोस, चामडं ओल धरतं. पुढे कधी विकलास तर 'शिक्का नंतर मारलेला' अशी चिठ्ठी सोबत दे.

आणि ग्रुपवर चाकू विकणाऱ्यांनी यापुढे एवढे फोटो टाकावेत: टँगच्या दोन्ही बाजू आडव्या प्रकाशात, दोन्ही बोल्स्टर, सगळी पाती उघडून एक आणि बंद करून पाठीकडून एक. 'भाऊ, ओरिजिनल आहे, घरी येऊन बघा' म्हणणाऱ्याला आधी पैसे पाठवू नका.