गॅसची गोळी आणि आमचे नाना

आज मेडिकलमध्ये रांगेत माझ्यापुढे एक पंचविशीतला पोरगा. "काका, गॅसच्या गोळ्यांची एक पट्टी द्या." चिठ्ठी नाही, विचारपूस नाही. शेजारी मिसळ हाणून आला होता, तर्रीचा डाग शर्टावर ओलाच. तिथंच गोळी गिळली, बाइकला किक मारली, गेला. डोकंच फिरलं माझं.

अरे बाबांनो, ती पॅन्टोप्राझोल आहे, बडीशेप नाही! जठरात आम्ल सोडणारे जे पंप असतात ते ती बंद पाडते. जेवायला बसलं की हे पंप जोरात चालू होतात, म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची. पूर्ण गुण यायला दोन-तीन दिवस जातात. मिसळीवर गिळून जळजळ लगेच थोडीच थांबणार? त्यासाठी ते गुलाबी पातळ औषध असतं, मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमवालं. ते पोटातलं तयार आम्ल मारतं. (मॅग्नेशियमनं जुलाब होतात, ॲल्युमिनियमनं कोठा जड होतो, म्हणून दोन्ही एकत्र. मला ही युक्ती जाम आवडते.)

आमच्या नानांचंच बघा. गुडघा धरला म्हणून डॉक्टरांनी वेदनाशामक दिलं, जोडीला पोट सांभाळायला ही. गुडघ्याची गोळी थोड्या दिवसांत संपली. ही वर्षानुवर्षं चालू! चिठ्ठी घडीवर फाटली, सेलोटेप लावून झाली, तरी त्याच चिठ्ठीवर पट्ट्या मिळतायत. नाना, अजून कशाला घेता, असं विचारणारा एक माणूस निघू नये? उलट सर्दीला गेले तरी नव्या चिठ्ठीत पहिल्या ओळीत तीच.

मग तळपायाला मुंग्या. तपासलं तर बी-१२ तळाला. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला आम्ल लागतं, आणि नानांचं आम्ल आपण कुलूपबंद करून ठेवलेलं. हो, नाना माळकरी, दूधही जेमतेम घेतात, त्यांचं बी-१२ तसंही कमीच असणार. मान्य. पण म्हणून त्यात भर घालायची?

आणि हो, अल्सरवाल्यांना, ज्यांना ॲस्पिरिन चुकत नाही अशा काही हृदयरोग्यांना ही गोळी लागते, जीव वाचवते. त्यांनी माझी पोस्ट वाचून बंद करू नका, कृपा करा.

एकदम बंद करायचीच नसते म्हणा. नानांनी तेही केलं. रागानं पट्टी फेकली आणि चार दिवसांत छातीत असा भडका, की "बघ, गोळीशिवाय माझं चालत नाही." दाबून ठेवलेले पंप सुटले की काही आठवडे जास्तच जोमानं आम्ल सोडतात. शेवटी डॉक्टरांनी हळूहळू उतरवली.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. नानांना तरी काय बोलणार? मुलगा कामावरून दहाला येणार, त्याच्यासोबत जेवायचं म्हणून थांबायचं, जेवलं की लगेच आडवं व्हायचं. आम्ल वर येणार नाही तर काय होणार! आता ते साडेसातला जेवतात, मुलाच्या ताटाजवळ नुसते बसतात.

पण काळी शी, गिळताना अडकणं, उगाच वजन उतरणं, यातलं काही असेल तर गोळ्या खात बसू नका, तडक डॉक्टर गाठा.

आत्याचा आत्ताच फोन आला, सगळं ओव्यानं जातं म्हणे. तिच्याशी भांडण वेगळं.