गेट बंद झालंय, मॅडम

दर दोन-तीन महिन्यांनी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक व्हिडिओ येतो. माणसं वेगळी, विमानतळ वेगळा, प्रसंग तोच. काचेचं दार बंद, पलीकडे विमान अजून उभं, आणि अलीकडे कुणीतरी हात जोडतंय, रडतंय, नाहीतर कर्मचाऱ्याच्या अंगावर धावून जातंय. लगेच ग्रुपमध्ये दोन तट पडतात. मावसभाऊ लिहितो, "पाच मिनिटांनी काय आभाळ कोसळणार होतं? माणुसकी म्हणून काही आहे की नाही?" ताईचं उत्तर तयारच असतं, "बाकीचे दीडशे लोक वेळेवर आले ना? त्यांनी का ताटकळायचं?" भांडून दमले की दोघंही माझ्याकडे वळतात, कारण मी चौदा वर्षं आयर्लंडमध्ये आहे. "तुमच्याकडे असलं काही होत नसेल."

होतं की. २०१८च्या सप्टेंबरात डब्लिन विमानतळावर अॅमस्टरडॅमला निघालेला एक प्रवासी गेट बंद झाल्यावर दार ढकलून बाहेर पडला आणि चालती बस थांबवावी तसा थेट विमानाच्या दिशेने पळत सुटला. पोलिसांनी धरून नेलं. त्याच वर्षी लंडनच्या गॅटविकवरून लॉस एंजेलिसला जाणारं विमान चुकणार असं दिसल्यावर एकाने पोलिसांना फोन करून त्यात बॉम्ब असल्याची थाप मारली. विमान रखडलं खरं, पण हा गृहस्थ दहा महिन्यांसाठी तुरुंगात गेला. तेव्हा "तिकडचे लोक वक्तशीर" हा समज आधी काढून टाकू या. ड्यूटी-फ्रीच्या पिशव्या सावरत धावणारे, बारमधला शेवटचा घोट सोडवत नसलेले, भलत्याच गेटवर तासभर निवांत वाचत बसलेले (यात मी आले) असे सगळे नमुने मी इथे पाहिलेत. माणसं सगळीकडे सारखीच. त्या दाराशी कसं वागतात, एवढंच वेगळं आहे.

"विमान दिसतंय ना उभं, मग सोडा की," हा मावसभावाचा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो. पण उभं दिसणारं विमान बहुधा आतून निघालेलं असतं. किती माणसं, किती सामान, इंधन किती, वजन पुढे-मागे कसं विभागलंय, याचा अंतिम कागद वैमानिकाकडे गेलेला असतो. एक माणूस वाढला की तो हिशेब पुन्हा तपासायचा. युरोपात आकाशात गर्दी असली की युरोकंट्रोल, म्हणजे तिथल्या हवाई वाहतुकीचं नियोजन करणारी संस्था, विमानाला उड्डाणाची वेळ नेमून देतं. तिच्या आधी पाच मिनिटं आणि नंतर दहा, एवढीच मुभा. ती हुकली की रांगेत नवा नंबर, आणि तो पाच मिनिटांनी मिळेल की तासाने, ते त्या दिवसाच्या नशिबावर.

पण खरं घोडं अडतं ते बॅगेपाशी. हातात एक पिशवी घेऊन प्रवास करणारा आला नाही तर त्याचं नाव यादीतून काढलं, संपलं. चेक-इन केलेलं सामान पोटात गेलंय आणि मालक मात्र बेपत्ता, तर विमानाचं पोट पुन्हा उघडून ती नेमकी बॅग शोधून उतरवावी लागते. त्याला कधीकधी इतका वेळ लागतो की मालकाची वाट पाहणंच स्वस्त पडतं. स्पीकरवर चार-चार वेळा ज्यांच्या नावाचा पुकारा होतो, ती मंडळी बरेचदा अशी असतात. त्यांच्यावर कुणाचं विशेष प्रेम नसतं, त्यांची बॅग आत असते.

हा नियम रक्ताने लिहिलेला आहे, आणि त्यातलं पुष्कळ रक्त आपल्या माणसांचं आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रावर फुटलं. ३२९ माणसं गेली. बॉम्ब असलेली बॅग व्हँकुव्हरला एका प्रवाशाच्या नावाने चेक-इन झाली होती. तो विमानात चढलाच नाही. त्याची बॅग मात्र पुढे गेली. तीन वर्षांनी स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर फुटलेल्या पॅन अॅमच्या विमानात पुन्हा तेच घडलं, सोबत माणूस नसलेली बॅग आणि २७० बळी. आमच्या कॉर्क काउंटीत अहाकिस्ता नावाचं समुद्रकाठचं लहानसं गाव आहे, तिथे कनिष्कचं स्मारक आहे. स्मारकात एक सूर्यघड्याळ आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ढग होते, सावली पडली नव्हती. भिंतीवरची नावं वाचत नुसती उभी राहिले. तेव्हापासून "अमुक प्रवाशाचं सामान उतरवण्यात येत आहे, आपल्याला थोडा उशीर होईल" ही घोषणा झाली की शेजारचे उसासे टाकतात, मला टाकवत नाही.

म्हणजे ताई बरोबर? अर्धी.

काही वर्षांपूर्वी युरोपातल्या एका मोठ्या विमानतळावर माझं पुढचं विमान चुकलं. आधीचं विमान उशिरा उतरलं, पासपोर्टची रांग संपेना, आणि मी गेटवर पोचले ते दार बंद झाल्यावर तीन मिनिटांनी. डेस्कवरच्या मुलीने मान वर करून "गेट बंद झालंय, मॅडम" म्हटलं. आवाज चढला नव्हता, तुच्छताही नव्हती. माझ्यामागून महागड्या सुटातला एक माणूस धापा टाकत आला, त्यालाही तेच वाक्य, त्याच सुरात. त्याने नेहमीच्या खास प्रवाशांना मिळतं ते सोनेरी कार्ड दाखवलं. तिने ते वाचलं आणि परत दिलं. मला त्या क्षणी तिचा राग आला होता हे कबूल करते, पण ते कार्ड परत आलेलं पाहून अर्धा राग गेला, हेही खरं.

आपल्याकडे नेमकं इथेच पाणी मुरतं. २०१७च्या जूनमध्ये विशाखापट्टणम विमानतळावर तेलुगू देसमचे तेव्हाचे खासदार जे. सी. दिवाकर रेड्डी चेक-इन काउंटर बंद झाल्यावर पोचले. त्यांनी तिथे धिंगाणा घातला, सामानाची फेकाफेक केली, आणि तेव्हाच्या बातम्यांनुसार शेवटी त्याच विमानाने गेले. नंतर बऱ्याच विमान कंपन्यांनी त्यांच्यावर बंदी घातली, त्याच वर्षी दंगा करणाऱ्या प्रवाशांवर विमानबंदी घालणारे 'नो-फ्लाय'चे नियम आले, हे सगळं ठीक. पण ज्या दिवशी दार बंद होतं, त्या दिवशी ते उघडलं. हे पाहिलेला सामान्य प्रवासी दुसऱ्या दिवशी दाराशी रडणारच. त्याला ठाऊक आहे की ते उघडतं, फक्त कुणासाठी आणि कशाने, एवढंच शोधायचंय. हात जोडून, ओरडून, नाहीतर मोबाइल रोखून. मावसभाऊ ज्याला माणुसकी म्हणतो त्यातली बरीचशी ही घासाघीस असते. खरी माणुसकी लागते ती दुसऱ्यांना, व्हीलचेअरची मदत वेळेत न मिळालेल्या आजीला, उशिरा उतरलेल्या विमानातून दुसरं गाठणाऱ्याला. त्यांच्यासाठी दार थोडं थांबवायला हवं, आणि इथेही ते नेहमी थांबतं असं नाही.

आता ताईची उरलेली अर्धी बाजू. शिस्तीचा धडा प्रवाशालाच का? युरोपात २००४चा २६१ क्रमांकाचा नियम आहे. त्यात प्रवाशाला सवलत नाही. कंपनीने सांगितलेल्या वेळेत, वेळ सांगितली नसेल तर सुटण्याच्या किमान ४५ मिनिटं आधी, चेक-इनला हजर व्हा, नाहीतर हक्क विसरा. पण हेच घड्याळ कंपनीकडेही वळतं. विमान तीन तास किंवा जास्त उशिरा पोचलं आणि कारण कंपनीच्या आवाक्यातलं असेल, तर अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरो प्रवाशाला द्यावे लागतात. रद्द विमानांची भरपाई अशा उशिरालाही लागू झाली ती २००९च्या न्यायालयीन निकालाने. मग कंपन्यांनी वाद घातला की पोचणं म्हणजे नक्की काय? एका खटल्यात विमानाची चाकं जमिनीला टेकली तेव्हा उशीर २ तास ५८ मिनिटं होता, जागेवर जाऊन दार उघडेपर्यंत तीन तास उलटले. २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं, दार उघडेल ती पोचायची वेळ. प्रवाशाचा उशीर दार बंद झाल्यावर मोजायचा आणि कंपनीचा दार उघडल्यावर, हे मला फार आवडलं.

याला स्वर्ग समजू नका. कंपन्या पैसे सुखासुखी देत नाहीत, फॉर्म भरून महिने जातात, आणि भरपाईसाठीच्या तीन तासांच्या उशिराचे अंतराप्रमाणे चार आणि सहा तास करण्याचा ठराव सदस्य देशांच्या मंत्र्यांनी २०२५च्या जूनमध्ये केलाच, त्यावर युरोपीय संसदेतून विरोध झाला. पण निदान भांडण्याची जागा आहे. आपल्याकडे डीजीसीएच्या, म्हणजे सरकारी हवाई वाहतूक नियामकाच्या, नियमांत वेळेत येऊनही जागा नाकारली तर भरपाई आहे, ऐन वेळी रद्द झालेल्या विमानासाठी आहे. निव्वळ उशिरासाठी खाणंपिणं मिळतं, फार लांबलं तर परतावा किंवा हॉटेल. रोख काही नाही. प्रवासी पाच मिनिटं उशिरा आला तर तिकीट बुडतं, विमान पाच तास उशिरा सुटलं तर सँडविच. मग ज्याचं दार चुकलं त्याला ती शिस्त वाटत नाही, जुलूम वाटतो, आणि त्याला मी फारसा दोष देत नाही.

परवा पुन्हा एक व्हिडिओ आला. जोडपं, लहान मूल, बंद दार. शंभरेक कमेंट झाल्या होत्या, मावसभाऊ आणि ताई नेहमीच्या मोर्च्यांवर. मी एवढंच विचारलं, "ते विमान शेवटी किती वाजता सुटलं?"

तासाभराने ताईचं उत्तर आलं, "ते कुणी लिहिलं नाहीये गं."